माणदेशातली चार पोरं

शेटफळे, आटपाडी, महूद, माडगूळ. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सांदीत पडलेली ही गावं. पुण्याहून पंढरपूरला जाणाऱ्याच्या ती वाटेत लागत नाहीत, आणि कोल्हापूरकडचा माणूस तिकडं मुलगी देताना दोनदा विचार करायचा, निदान पूर्वी तरी. या चार गावांत आठ वर्षांच्या आत चार पोरं जन्माला आली. १९१९ साली शेटफळ्यात ग. दि. माडगूळकर, १९२१ साली आटपाडीत शंकरराव खरात, १९२३ साली महूदला शांताबाई कांबळे आणि १९२७ साली माडगूळला व्यंकटेश माडगूळकर. चौघांनी पुढे आपल्या लहानपणाबद्दल, आपल्या माणसांबद्दल लिहिलं. बैलगाडी जुंपली तर यातल्या कुठल्याही गावाहून दुसऱ्या गावी दिवेलागणीच्या आत पोचता यावं, एवढंच अंतर. एवढ्याशा मुलखात, एवढ्या कमी काळात एवढं लिहिणारं कसं काय उगवलं, याचं मला अजून नवल वाटतं. पाऊस तर तिथं पडत नाही.

मी या पुस्तकांच्या नादी लागले ती आत्यामुळे. आत्या आटपाडीजवळच्या एका वाडीत दिलेली. आम्ही पुण्याचे, त्यामुळे मे महिन्यात सगळी भावंडं कोकणात नाहीतर महाबळेश्वरला जायची आणि आमची रवानगी माणदेशात. तिथं उन्हाळ्यात काय असायचं? ऊन असायचं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लांबच लांब दुपारी. दुपारी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम असल्यामुळे माळ्यावरच्या ट्रंकेत जे छापील सापडेल ते वाचायचं. त्यात ‘माणदेशी माणसं’ होतं. कव्हर नव्हतं, पहिली काही पानं नव्हती, त्यामुळे लेखकाचं नाव कळायला बराच काळ गेला. पण त्यात ज्या तालीचा, ओढ्याचा, बाभळीच्या बनाचा उल्लेख होता ते सगळं खिडकीतून दिसत होतं. पुस्तकात लिहिलेली गोष्ट खिडकीबाहेरही असू शकते, हा माझ्यासाठी मोठाच शोध होता. तोवर पुस्तकातल्या गोष्टी लंडनमध्ये नाहीतर शनिवारवाड्यात घडायच्या.

‘माणदेशी माणसं’ १९४९ साली निघालं तेव्हा लिहिणारा बावीस वर्षांचा होता. शाळा धड पुरी झालेली नाही, बेचाळीसच्या चळवळीत घर सुटलेलं, चित्रकार व्हायचं मनात, आणि हाताशी गावातल्या माणसांची ही एवढी मोठी शिदोरी. त्यातला धर्मा रामोशी वाचून मी त्या दुपारी पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हातारा धर्मा लंगोटीवर हिंडतो, म्हणून त्याला जुनं धोतर दिलं जातं. पुढे भेटतो तर पुन्हा उघडाच. धोतराचं काय केलंस म्हणावं, तर ते घरातल्या तरण्या लेकीनं नेसलेलं असतं. तिच्या अंगावर घालायला काही नव्हतं म्हणून ती आजवर घराबाहेर येत नव्हती. व्यंकटेश माडगूळकर हे सांगतात आणि थांबतात. गरिबीवर भाष्य नाही, हुंदका नाही. गोष्ट सांगून झाली की माणूस उठून जातो तसं. मराठीत दारिद्र्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण पुष्कळांनी ते वाचकाच्या गळ्यात पडून लिहिलं. तात्यांनी (व्यंकटेश माडगूळकरांना तात्या म्हणत) तसं कधी केलं नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण चित्रकाराचा हात. चित्रकाराला रेघ कुठं सोडायची ते कळावं लागतं.

प्रदेशाची पुस्तकं वाचण्याचं सुख नक्की कशात असतं, यावर मी बराच विचार केला आहे. गोष्ट चांगली असते, हे तर झालंच. पण गोष्टीच्या खालून एक दुसरी गोष्ट सरकत असते, ती जमिनीची. ‘बनगरवाडी’ घ्या. १९५५ साली आलेली ही कादंबरी म्हणजे धनगरांच्या वाडीवर आलेल्या एका कोवळ्या मास्तराची हकिगत. आम्हाला शाळेत त्यातला उतारा होता आणि त्याखाली ‘मास्तरांचे स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न. मी पुढे ती आत्याच्या ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा आत्याचे थोरले दीर (त्यांना सगळे भाऊ म्हणत) मधेच थांबवून भलतेच प्रश्न विचारायचे. मेंढरं किती? वाघरी कुठं लावल्यात? पाऊस पडून किती दिवस झाले? मास्तराच्या स्वभावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एकदा म्हणाले, “तुला ठावं हाय का, रानात मेंढरं बसवत्यात ती कशापाय?”

मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं ते असं. सुगी उरकली की शेतकरी धनगराला बोलावतो. कळप रात्रभर मोकळ्या रानात बसतो, भोवती वाघरीचं जाळं. सकाळी लेंड्या आणि मुतानं रान खतवलेलं असतं. दुसऱ्या रात्री कळप शेजारच्या वाफ्यात सरकतो. बदल्यात धनगराला धान्य, कधी पैसे, आणि मेंढरांना धसकटं नि पाला. दिवाळीनंतर कळप चाऱ्यामागं खालच्या, पाण्याच्या मुलखात जातात, ते मृग लागला की परततात. त्यामुळे वाडीतलं पोर शाळेत किती टिकणार हे मास्तरावर नाही, पावसावर ठरतं. कोकरं राखायला माणूस लागतं, आणि घरात सगळ्यात रिकामं माणूस म्हणजे पोर. हे कळल्यावर मी ‘बनगरवाडी’ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि ती वेगळीच कादंबरी निघाली. शाळेच्या हजेरीपटाच्या मागं मला आता ढग दिसायला लागले.

त्याच कादंबरीत शेकूचा प्रसंग आहे. पेरणीच्या वेळी त्याला दुसरा बैल मिळत नाही, आणि जुवाच्या रिकाम्या बाजूला त्याची बायको खांदा देते. ओसरीवर हे वाचताना मी थबकले. भाऊ मात्र शांत होते. म्हणाले, “आसं आमीबी बगितलंय.” आणि पान उलटायची वाट बघत राहिले.

पावसाबद्दल दोन शब्द इथंच सांगते. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, त्याच्याच पूर्वेकडच्या टोकाला माण तालुका आहे. सह्याद्रीनं ढग अडवून धरले की पलीकडं उरतं ते एवढंच. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, महाबळेश्वरला त्याच्या दहापट आणि वर. माणगंगा नावाची नदी आहे, ती शिखर शिंगणापूरच्या बाजूच्या डोंगरांतून निघून आटपाडी, सांगोला करत भीमेला मिळते. माझ्या लहानपणी वर्षातले बरेच महिने ती वाळूची होती. आम्ही तिच्यात किल्ले बांधायचो. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा मुलूख असा भाजला की त्यानंतर इंग्रजांनी दुष्काळी कामातून राजेवाडीचा मोठा तलाव बांधला. तो अजून आहे. बनगरवाडीच्या शेवटी गाव रिकामं होतं, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. शहरी वाचकाला तो शोकांत वाटतो. माणदेशी माणसाला ती एका खराब सालाची नोंद वाटते. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्ही एकदम वाटू शकणं हेच मला या पुस्तकाचं मोठेपण वाटतं.

आता इतिहास. शाळेच्या पुस्तकातल्या इतिहासात माणदेश नाही, म्हणजे वाटेवरचा मुक्काम म्हणून येतो तेवढाच. पण बनगरवाडीत एक राजा येतो. वाडीनं बांधलेल्या तालमीसाठी तो येतो, आणि लहानपणी मला ते परीकथेत घडल्यासारखं वाटलं होतं. पुढे कळलं की यात काहीच कल्पनेचं नाही. आटपाडीकडचा हा भाग औंध संस्थानाचा. ७२ गावांचं चिमुकलं संस्थान, तेही सलग नाही, इथं एक तुकडा तिथं एक. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे असे भोक्ते की संस्थानातल्या शाळांत पोरांना ते घालावेच लागत. तालीम बांधली म्हटल्यावर असा राजा वाडीवर न आला तरच नवल.

याच राजानं १९३९ साली, इंग्रज अजून घट्ट बसलेले असताना, आपली सत्ता आपणहून प्रजेच्या हाती दिली. घटनेच्या मसुद्यासाठी गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा पुढाकार, आणि सोबत मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर, जो भारतानंद या नावानं इथं रमला होता. गावोगाव पंचायती नेमून कारभार चालवायचा प्रयोग झाला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता जमीन देऊन, बायकापोरांसह वसवायचं आणि शेती करू द्यायची. ही वसाहत आजही आहे. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला त्याची मूळ कल्पना हीच, आणि पटकथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचं कौतुक झालं तेव्हा तिथल्या किती जणांना ठाऊक असेल, की त्या खुल्या तुरुंगाचा माळ एका माणदेशी पोराचा खेळायचा परिसर होता?

गदिमांबद्दल लिहायचं तर मला थोडं अवघड जातं. ते घराघरांतले. गीतरामायणाची ५६ गाणी १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक या हिशोबानं सुरू झाली, म्हणजे ज्या वर्षी धाकट्या भावाची बनगरवाडी आली त्याच वर्षी. पण त्यांचं आठवणींचं गद्य, ‘मंतरलेले दिवस’, ‘वाटेवरल्या सावल्या’, हे आज फार कमी वाचलं जातं, आणि मला ते त्यांच्या चित्रपटगीतांपेक्षा जवळचं वाटतं. कुलकर्ण्याच्या घरातलं ओढगस्तीचं बालपण, शिक्षणासाठी या गावाहून त्या गावाला फिरणं, औंधची शाळा, मॅट्रिकला आडवं आलेलं गणित, आणि मग कोल्हापूरच्या स्टुडिओची वाट. मोठे झाल्यावर, नाव झाल्यावरसुद्धा ते लिहायला माडगूळला जात. शेतातल्या पत्र्याच्या छपराखाली बसून लिहीत, त्याला गावकऱ्यांनी ‘बामणाचा पत्रा’ असं नाव दिलं होतं. गदिमांनी ते नाव आनंदानं मिरवलं. एक गंमत मला नेहमी जाणवते. महाराष्ट्रातल्या पोरांना आंब्याच्या वनात मोर नाचवून दाखवणारा आणि झुकझुक गाडीत बसवून मामाच्या गावाला नेणारा हा कवी अशा मुलखातला, जिथं आमराया मोजक्या आणि आटपाडीत रेल्वे नाही ती नाहीच. लहानपणी जे नव्हतं त्याची गाणी अशी ठसठशीत होत असतील.

इथपर्यंत दोन भाऊ झाले. पुष्कळांचा माणदेश इथंच संपतो. माझाही बरीच वर्षं संपत होता.

शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ १९८१ साली आलं. मला ते कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं, आणि पहिल्या काही पानांतच आटपाडी दिसल्यावर मी हरखले. अरे, हे तर आपलंच गाव. पण थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं की मला ठाऊक असलेल्या आटपाडीत ही पेठ, हा ओढा, ही चावडी सगळं होतं, पण या बाजूनं मी ती कधी पाहिली नव्हती. खरातांचे वडील तराळ. महारवाड्यातल्या घरांवर गावकीची पाळी येते, आणि पाळी आली की तराळ गावाचा. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहायचं, दवंडी पिटायची, रात्री-अपरात्री मयताचा सांगावा घेऊन परगावी पळायचं. बदल्यात दारोदार भाकरीचे तुकडे.

त्यात एक प्रसंग आहे तो वाचून मी कित्येक दिवस दुसरं काही वाचू शकले नाही. विहिरीत प्रेत सापडतं. पंचनामा व्हायचा, तोवर प्रेताची राखण तराळानं करायची. मग ते बाहेर काढायला विहिरीत उतरायचंही त्यानंच. वर पोलीस दरडावतोय, आणि काठावर उभं राहून त्या तराळाचं पोर बापाला खाली उतरताना बघतंय. माडगूळकरांच्या पुस्तकातल्या विहिरी मला आठवल्या. तिथं पोरं उन्हाळ्यात मुटके मारतात. मीही आत्याच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले, कंबरेला सुकलेले भोपळे बांधून. तिथं कोण उतरू शकत नव्हतं आणि कुणाला उतरावंच लागत होतं, हा प्रश्न माझ्या मनात तोवर आलेला नव्हता.

यावरून दोन्ही माडगूळकरांना झोडपायची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. ‘माणदेशी माणसं’मध्ये गणा महार आहे, शिदा चांभार आहे, मुलाण्याचा बकस आहे. त्या काळात त्या घरातल्या मुलानं एवढ्या दारांत जाऊन एवढ्या नीट बघणं ही साधी गोष्ट नव्हती. पण तो उंबऱ्यापर्यंत जातो. उंबऱ्याच्या आत काय शिजतं, किंवा काय शिजत नाही, हे आतलं पोरच सांगणार. म्हणून ही पुस्तकं मी आता कपाटात शेजारी शेजारी ठेवते आणि वाचतेही तशीच. गणा महार वाचला की लगेच खरातांचं एखादं प्रकरण. दोन्हींपैकी एकही पुस्तक त्यामुळे लहान होत नाही. उलट तात्यांचं कुठं थांबणं कलेचं आहे आणि कुठं तिथून पुढं वाटच नव्हती म्हणून आहे, हे ओळखू यायला लागतं.

खरात पुढे वकील झाले, ‘प्रबुद्ध भारत’चं संपादन केलं, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि योग बघा: १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष गदिमा, १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर, आणि लगेच १९८४ साली जळगावला शंकरराव खरात. एका दुष्काळी तालुक्यानं अकरा वर्षांत तीन अध्यक्ष दिले. आटपाडीच्या एस. टी. स्टँडवर हे कुठं तरी ठळक लिहून ठेवायला हवं, असं मला दर वेळी तिथं उतरल्यावर वाटतं.

चौथं पोर म्हणजे पोरगी. ती माझ्या वाचनात सगळ्यात शेवटी आली, आणि याला कारण माझ्या आळसापेक्षा आपल्या ग्रंथालयांचं लावणं आहे. ‘माणदेश’ म्हटल्यावर तिचं पुस्तक कुणी काढून देत नाही. ते दलित आत्मकथनांच्या फळीवर असतं. महूद सांगोला तालुक्यात, आटपाडीच्या शेजारी. तिथली नाजा, म्हणजे शांताबाई, पुढे करगणीला सासरी आली, आणि करगणी तर आटपाडी तालुक्यातच. सोलापूर जिल्ह्यातली ती पहिली दलित शिक्षिका. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८३ साली ‘पूर्वा’ मासिकातून यायला लागली, १९८६ साली पुस्तक झालं, आणि पुढे दूरदर्शनवर ‘नाजुका’ या नावानं तिची मालिकाही झाली. दलित स्त्रीनं लिहिलेलं मराठीतलं हे पहिलं आत्मकथन मानलं जातं. शांताबाई २०२३ च्या जानेवारीत गेल्या, शंभरी हाताशी आली असताना.

या पुस्तकाची वाक्यं लहान असतात. बोलल्यासारखी. भूक लागली, आई गेली, भाकरी आणली, खाल्ली. वाङ्मयीन कसब शोधणारा माणूस दोन पानांत निराश होईल, पण मला त्या धाटणीचा लोभ आहे, कारण आत्याच्या घरी पाण्याला येणाऱ्या बायका नेमक्या अशाच बोलायच्या. त्यांना वर्णन करायला वेळ नसायचा. आणि या पुस्तकामुळे मला पहिल्यांदा हे दिसलं की तिन्ही लेखकांच्या माळावर हिंडणारी, गोफण फिरवणारी, नदीत डुंबणारी सगळी पोरं मुलगे आहेत. मुली त्यात आहेत, पण धर्मा रामोशाची लेक दाराआड आहे आणि शेकूची बायको जुवाखाली. रान हुंदडायला असतं हे मुलाला ठाऊक. मुलीला रान म्हणजे सरपण, शेण, पाणी, आणि डोक्यावरचा भारा. नाजाच्या पायांखालचा माळ तोच, पण ती त्यावरून शाळेत चालली आहे, आणि हीच त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी साहसकथा आहे.

(माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, तेव्हा पेपरांनी तिला माणदेशी एक्स्प्रेस म्हटलं. मी टीव्हीसमोर बसून एकटीच ओरडत होते. घरच्यांना वाटलं क्रिकेट लागलंय.)

रानावनाबद्दल बोलायचं तर मात्र पुन्हा व्यंकटेश माडगूळकरांकडेच यावं लागतं. मराठीत निसर्ग फार दिवस कवितेचा होता. पाखराला नाव नसायचं, ते नुसतं ‘पाखरू’ असायचं. तात्यांच्या रानात होला वेगळा, तित्तर वेगळा, भोरड्या वेगळ्या. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे येतात, आणि माळ्यावर उभं राहून गोफणीनं ते उठवणं हे पोरांचं काम. आज आपण पक्षिनिरीक्षण म्हणतो ते तिथल्या पोरांना घरचं काम म्हणून येत होतं. तात्या लहानपणापासून शिकारीत वाढले. सशामागं, तित्तरामागं धनगरांच्या कुत्र्यांसोबत हिंडले, पुढे बंदूकही घेतली. आणि मग हळूहळू बंदूक मागं पडून दुर्बीण आणि चित्रवही हातात आली. नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, त्याचं पुस्तक झालं. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईवर ‘सत्तांतर’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकारीच्या गोष्टी त्यांनी लपवून ठेवल्या नाहीत, त्यावर पश्चात्तापाचा मुलामा दिला नाही. ज्याला जनावर मारता येतं त्याला ते कुठं पाणी पितं, वारा कुठून आल्यावर उठतं, हे ठाऊक असतं, आणि ती जाण नागझिऱ्यातही उपयोगी पडलेली दिसते. आजच्या पर्यावरणप्रेमी लेखनात मला हीच गोष्ट सारखी उणी वाटते. प्रेम पुष्कळ असतं, माहिती इंटरनेटची असते.

अलीकडे गेले तेव्हा माळ ओळखू येईना. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं जातं, ते टप्प्याटप्प्यानं चढवत आटपाडीपर्यंत आलं आहे. डाळिंबाच्या बागा तर त्याआधीपासून होत्या, आता ऊसही दिसतो. ओढ्याला पाणी आहे. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार अजून भरतो, पण बैलांइतकीच गर्दी पिकअप गाड्यांची. भाऊ गेले. त्यांचा नातू म्हणाला, “आत्ते, ती पुस्तकातली गरिबी आता न्हाय बघा राहिली.” त्याच्या आवाजात अभिमान होता आणि थोडा रागही, आणि मला तो राग रास्त वाटला. आपल्या गावाचं नाव घेतलं की समोरच्यानं ‘अगं बाई, दुष्काळी ना?’ म्हणावं, हे कुणाला आवडेल? चांगल्या पुस्तकांचा हा एक तोटा असतो. ती मुलखाला ज्या सालात पकडतात त्या सालात तो मुलूख वाचकांच्या डोक्यात कायमचा थांबतो.

नातवाचं कुटुंब गलाईवालं. आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातली शेकडो घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. तमिळनाडू, केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथं सराफकट्टा आहे तिथं एखादा माणदेशी भट्टीजवळ बसलेला सापडतो. दुष्काळानंच त्यांना बाहेर काढलं. पोरं कोइमतूरला नाहीतर कोलकात्याला शिकतात, शाळेत तमिळ नाहीतर बंगाली बोलतात, घरात “आरं”, “कशापाय” करतात, आणि यात्रेला न चुकता गावी येतात. गावात त्यांनी बंगले बांधून ठेवले आहेत, ते वर्षातले बरेच दिवस कुलूपबंद. या पोरांना माणदेश म्हणजे काय दिसत असेल? दुकानाच्या पाठीमागची खोली, ॲसिडचा वास, देव्हाऱ्यातला सिद्धनाथ, आणि सुट्टीत रेल्वे, एस. टी., जीप असं करत गाठलेली वाडी. यांतलं एखादं पोर लिहिणारं निघायलाच हवं. मी नातवाला तसं म्हणाले, तर त्यानं आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडं बोट केलं. “ही लिवती कायतरी वहीत. पर दाखवत न्हाय.”

मी येताना तिला ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ देऊन आले. ‘बनगरवाडी’ तिच्या शाळेत कधी ना कधी येईलच.